चांगला दात ग्राइंड करायच्या आधी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

स्माईल सुंदर करायची म्हणून बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच आज घेते.

प्रश्न: मी २६ वर्षांची, नागपूरच्या महाल भागात राहते. तुळशीचं लग्न झालं की माझं लग्न आहे. दात सरळ आहेत, कीड नाही, फक्त पिवळट दिसतात. एका ठिकाणी वरच्या आठ दातांना व्हेनियर्स सांगितलेत. करून टाकू का?

ताई, नका करू. व्हेनियर म्हणजे दातावर चिकटवायचा पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा, पण तो बसवायला बहुतेक वेळा दाताचं समोरचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, अर्धा मिलीमीटरच्या आसपास घासून काढावं लागतं, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही, म्हणजे काही वर्षांनी व्हेनियर फुटलं-निघालं की नवीन लावा, असं जन्मभर सुरू राहतं. सरळ, निरोगी दातांना हे कशाला? आधी स्केलिंग-पॉलिशिंग, म्हणजे डेंटिस्टकडून दातांची सफाई, करा, कितीतरी जणींचं काम तिथंच भागतं. नाहीच भागलं तर ब्लीचिंग, तुमच्या मापाचा ट्रे बनवून देतात, रात्री त्यात जेल घालून झोपायचं, दोन-तीन आठवडे. त्या दिवसांत गार खाल्लं की दात शिवशिवतात, नंतर ते थांबतं. ब्लीचनं जुनं फिलिंग किंवा कॅप पांढरी होत नाही हे लक्षात ठेवा, समोरचं फिलिंग बदलायचं असेल तर ब्लीच संपल्यावर दोन आठवडे थांबून बदला.

आणि ते लिंबू-सोडा चोळायचे व्हिडिओ बघून काही करू नका. त्यानं इनॅमल झिजतं, आणि त्याच्या खालचं डेंटिन मुळातच पिवळं असतं, म्हणजे दात उलट जास्त पिवळे दिसणार.

प्रश्न: वय ३४, कळमना मार्केटला काम करतो. बऱ्याच वर्षांपासून खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला) खाऊन राहिलो. दात लाल-काळे झालेत, मुलगी पाहायला जायचं आहे. एका बैठकीत साफ होतील का? आणि आजकाल पाणीपुरी तोंडात जात नाही, तिखट पण लागतं खूप.

भाऊ, डाग निघतील, ते एका बैठकीचंच काम आहे. पण तुम्ही शेवटी जे सहज लिहून टाकलंय ना, मला काळजी त्याची वाटते. आत्ता आरशासमोर उभे राहा, स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि वरच्या-खालच्या समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील, गालाच्या आतून बोट फिरवल्यावर दोरीसारखे कडक पट्टे लागत असतील, आतली चामडी पांढुरकी पडली असेल, तर हा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाची आतली चामडी कडक होत जाण्याचा आजार, असू शकतो. हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो, त्यामुळे "तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी खातो" यानं काही साधत नाही, पानठेल्यावरची ती खर्ऱ्याची पन्नी पूर्णच सोडावी लागते. झालेले पट्टे पूर्ण विरघळत नाहीत, पण वेळेत आलात तर तोंडाचे व्यायाम, औषधं, इंजेक्शन यांनी तोंड उघडणं बऱ्यापैकी सुधारता येतं. उशीर केला तर ऑपरेशन, आणि काही जणांमध्ये पुढे कॅन्सर होतो. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात याच आठवड्यात तपासून घ्या. सोडायला मदत लागली तर १८००-११२-३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, फुकट आहे. दात मग पॉलिश करू, आनंदानं करू.

प्रश्न: आम्ही मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले, लहानपणी बोअरचं पाणी प्यायलो. समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी डाग आहेत, घासून जात नाहीत.

हे फ्लोरोसिस दिसतंय. दात हिरडीखाली तयार होत असताना पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं की असे डाग पडतात, यात तुमच्या ब्रशिंगची काहीच चूक नाही. डाग वरवरचा असेल तर मायक्रोअॅब्रेजननं, म्हणजे सौम्य अॅसिडच्या पेस्टनं वरचा अगदी पातळ थर काढून, बराच फिका होतो, मग ब्लीच, तरी राहिलं तर कंपोझिट बाँडिंग, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल वरून चिकटवणं. व्हेनियर सगळ्यात शेवटी. अजून गावात लहान मुलं असतील तर तिथलं पाणी आधी तपासून घ्या, समोरच्या दातांसाठी पहिली काही वर्षंच महत्त्वाची असतात.

प्रश्न: ११ वर्षांच्या मुलाचा समोरचा दात क्रिकेट खेळताना अर्धा तुटला. तुकडा सापडलाय. कॅप बसवायची का?

तुकडा पाण्यात किंवा दुधात ठेवून आजच न्या, बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो, नाहीतर कंपोझिटनं दात बांधता येतो. या वयात कॅप नको. पूर्ण दात मुळासकट निघाला असता तर मूळ न घासता, वरच्या भागाला धरून, दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत पोचायचं, हे सगळ्या आईवडिलांनी ध्यानात ठेवा (दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत).

प्रश्न: आई ५८ वर्षांची, शुगर आहे, समोरचा एक दात काढला. इम्प्लांट की ब्रिज?

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप घालून त्यांच्या आधारानं मधे बसवलेला खोटा दात, त्यासाठी ते दोन्ही दात ग्राइंड करावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात. ते चांगले असतील तर माझं मत इम्प्लांटला, पण त्यांना आधीच कॅप असतील तर ब्रिजच बरा. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात घट्ट व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि शुगर वाढलेली असली की जखम लवकर भरत नाही, म्हणून आधी एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करा, ८ च्या वर आली तर फिजिशियनकडे जाऊन ती खाली आणा, मग ऑपरेशनची तारीख घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्याचाही इलाज आधी.

दाताचा रंग ठरवायच्या दिवशी आईंना सकाळी न्या, लिपस्टिक न लावता. खिडकीच्या उजेडात शेड गाइडचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या नमुन्यांचे, तुकडे शेजारच्या दाताला लावून बघायला सांगा, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी, कारण तोंड उघडं राहून दात वाळला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि मग बसवलेला दात वेगळा चमकतो. एकदम पांढरा मागू नका, शेजारच्या दाताला मिळताजुळता मागा.