वाचकांचे प्रश्न : बँक खाते बदलल्याचा ईमेल आणि इतर सापळे

प्रश्न : चाकणजवळच्या एका लघुउद्योगात मी लेखा विभाग सांभाळते. आमच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी’ असा ईमेल आला. तो जुन्या पत्रव्यवहारालाच जोडून आला होता आणि बिलाची रक्कमही अचूक होती. मालकांनी दुसऱ्या कामासाठी पुरवठादाराला फोन केला, तेव्हा तो ईमेल बनावट असल्याचे उघड झाले. असा ईमेल ओळखायचा कसा?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या प्रकारात नुसत्या वाचनाने तो ओळखता येईलच असे नाही, हे आधी मान्य करायला हवे. बिलाची रक्कम अचूक होती आणि ईमेल जुन्या पत्रव्यवहाराला जोडलेला होता, यावरून आपल्या किंवा पुरवठादाराच्या मेलबॉक्समध्ये कोणीतरी शिरले असावे असा दाट संशय येतो. बहुतेकदा एखाद्या कर्मचाऱ्याने बनावट लॉगिन पानावर पासवर्ड टाकलेला असतो. त्यानंतर भामटा काही काळ गुपचूप पत्रव्यवहार वाचत राहतो आणि मोठे बिल देय झाले की मधेच आपला ईमेल घुसवतो. तो खऱ्या पत्त्यावरूनच येत असेल, तर पत्ता तपासून काहीच हाती लागत नाही. म्हणून दोन्ही कंपन्यांनी आपापले मेलबॉक्स तातडीने तपासून घ्यावेत.

पत्ता खोटा असेल तेव्हा मात्र तो बारकाईने वाचल्याचा उपयोग होतो. मोबाइलवर बहुधा केवळ पाठवणाऱ्याचे नाव दिसते, त्यामुळे त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडावा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवले, तर घाईत फरक जाणवत नाही. संकेतस्थळाचा पत्ता पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीच्या भागापुरता, उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘अमुकबँक डॉट कॉम डॉट तमुक डॉट इन’ हा पत्ता तमुकच्या मालकीचा असतो, अमुक बँकेचा नव्हे. अशुद्ध भाषेवरून फसवणूक ओळखण्याचा जुना सल्ला आता अपुरा पडतो, कारण निर्दोष मराठीतला मजकूरही यंत्राकडून क्षणात लिहून मिळतो.

या सापळ्यात मोठ्या कंपन्याही अडकल्या आहेत. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कास याने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या पुरवठादाराच्याच नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि २०१३ ते २०१५ या काळात बनावट बिले पाठवून गूगल व फेसबुककडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तिथेही संबंध खऱ्या पुरवठादाराशी होता आणि बिले नेहमीसारखीच दिसत होती.

त्यामुळे खात्याचा तपशील बदलण्याची कोणतीही सूचना, ती कितीही खरी वाटली तरी, आपल्या जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करून पक्की केल्याशिवाय अमलात आणू नये. ईमेलमध्ये दिलेला क्रमांक वापरू नये आणि त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारू नये, कारण उत्तर भामटाच देईल. एक रुपया पाठवून ‘मिळाला का?’ असे ईमेलने विचारल्यानेही काही सिद्ध होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांना द्यावी लागते, ती जरूर वापरावी. मात्र पुरवठादाराशी मिळत्याजुळत्या नावाचे खातेही उघडलेले असू शकते, याचे भान ठेवावे. नवा लाभार्थी एकाने नोंदवावा आणि दुसऱ्याने मंजूर करावा, ही मेकर-चेकर पद्धत चार माणसांच्या कार्यालयातही पाळता येते.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती कार्यालयातील धाकाची. ‘मी बैठकीत आहे, फोन करू नका, रक्कम लगेच पाठवा’ असा साहेबांच्या नावाने आलेला निरोप यशस्वी होतो, कारण साहेबांना उलट विचारण्याची कर्मचाऱ्याला भीती वाटते. खात्रीसाठी उलट फोन करणाऱ्याला कधीही बोलणे खावे लागणार नाही, हे मालकांनी सर्वांसमक्ष सांगायला हवे आणि स्वतःच्या सूचनांनाही तोच नियम लावायला हवा.

प्रश्न : ‘मेलबॉक्स भरला आहे’ अशा सूचनेतील लिंकवर मी कार्यालयाचा पासवर्ड आणि ओटीपी टाकला. अजून कोणालाही सांगितलेले नाही. काय करावे?

उत्तर : हे वाचून होताच कार्यालयातील संगणक विभागाला सांगावे. ओटीपीमुळे आपण सुरक्षित आहोत असे समजू नये, कारण बनावट पान तो ओटीपी त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरू शकते. दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून पासवर्ड बदलावा, सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करावेत आणि आपले ईमेल परस्पर दुसरीकडे वळवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का, हे सेटिंगमध्ये आवर्जून पाहावे; तो राहिला, तर पासवर्ड बदलूनही पत्रे बाहेर जात राहतात. तोच पासवर्ड इतरत्र वापरला असेल, तर तिथेही बदलावा. पुढे शक्य तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी उपकरणातली डिजिटल किल्ली, वापरावी, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते आणि नकली पानावर चालत नाही.

पैसे गेले असतील, तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते आणि कळवल्यानंतरचे बँकेला. संकोचात घालवलेला प्रत्येक तास म्हणूनच महागात पडतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल) आली आहे. उघडावी का?

उत्तर : अजिबात उघडू नये. चलान पाहण्यासाठी असे ॲप बसवावे लागत नाही. ते परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून पाहता येते. फाइल आधीच बसवली गेली असेल, तर फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, कारण असे ॲप येणारे एसएमएस, म्हणजे ओटीपीही, वाचू शकते.