झडप कोणती घ्यावी, आणि नंतरची गोळी कशी सांभाळावी

प्रश्न : मुलगी 26 वर्षांची आहे. लहानपणी तिला ताप येऊन सांधे सुजायचे. आता जिना चढताना धाप लागते. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झाल्याचं निघालं. झडप बदलावी लागेल म्हणतात. धातूची बसवावी की जनावराची? लग्नाला दोन वर्षं झाली, अजून मूल नाही. आम्ही जत तालुक्यातले, मोठ्या तपासणीला सांगलीला यावं लागतं. – एक आई

आधी एक गोष्ट विचारून घ्या : झडप बदलायलाच हवी, की फुग्याने भागेल? मायट्रल झडपेचं तोंड निरोगी माणसात 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असतं. ते 1.5 किंवा त्याखाली आलं की आजार गंभीर समजतात. पण पाकळ्या अजून लवचिक असतील, त्यांच्यावर कॅल्शियम फारसं साचलेलं नसेल, झडप फार गळत नसेल आणि हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नसेल, तर मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप रुंद करता येते. छाती उघडावी लागत नाही आणि दिवस राहण्याआधी हे उरकलेलं फार बरं. गुठळी छातीवरून केलेल्या इकोत निसटू शकते, म्हणून अन्ननलिकेतून करायचा इको झाला आहे का ते पाहा. फुगा का चालणार नाही, याचं कारण डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.

बदलणं भागच असेल, तर तुमचा प्रश्न खरोखर अवघड आहे. धातूची म्हणतात ती झडप बहुतेक वेळा कडक काळ्या कार्बनच्या दोन पाकळ्यांची असते. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने तयार केलेली आणि 1990 पासून रुग्णांना बसवली जाणारी चित्रा झडप एका चकतीची आहे. अशा झडपा सहसा जन्मभर टिकतात, पण रक्त पातळ ठेवणारी गोळीही जन्मभर घ्यावी लागते. टिश्यू झडप, म्हणजे तुम्ही म्हणता ती जनावराची, गाईच्या हृदयावरच्या आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची असते. (काही घरांना हे चालत नाही. झडप कशाची आहे हे आधी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.) हृदयाचे ठोके नियमित असतील, तर तिच्यासाठी गोळी साधारण 3 ते 6 महिनेच लागते. मात्र तरुण वयात ही झडप लवकर झिजते. वयस्कर माणसात 10 ते 15 वर्षं चालणारी झडप विशीत त्याआधीच निकामी होऊ शकते, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जोखमीचं असतं.

म्हणून पन्नाशीच्या आत धातूची आणि पासष्टीनंतर टिश्यू, असा ढोबळ नियम आहे. मूल हवं असलेल्या मुलीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळीने बाळाच्या नाकात आणि हाडांत दोष राहू शकतो. डोस जास्त असेल तेवढा धोका जास्त. गोळी थांबवून रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं दिली तर बाळ वाचतं, पण धातूच्या झडपेवर गुठळी धरायची भीती वाढते, आणि ती आईच्या जिवाशी असते. रोजची इंजेक्शनं, वारंवार रक्त तपासणी आणि रात्री-अपरात्री हृदयरोगतज्ज्ञ मिळेल असं प्रसूतीचं ठिकाण, हे सगळं जतहून जमवायचं आहे.

आमचं स्पष्ट मत : मूल हवंच असेल आणि दर 2 ते 4 आठवड्यांनी आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झालं ते दाखवणारा आकडा) तपासणं जमणार नसेल, तर पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागणार हे मनाशी धरून टिश्यू झडप घ्यावी. तपासणीची सोय पक्की असेल आणि मुलांचा विचार नसेल, तर धातूची. हा निर्णय मुलीने स्वतः डॉक्टरांसमोर बसून घ्यावा, सासर-माहेरने परस्पर नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेणार असाल, तर भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि मंजुरीत कोणती झडप धरली आहे ते बघा. आणि दर 21 दिवसांचं पेनिसिलिन झडप बदलली म्हणून बंद होत नाही. ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजे लहानपणचा तो सांधे सुजवणारा ताप, पुन्हा आला तर उरलेल्या झडपाही खराब होतात.

प्रश्न : वय 48, नाशिक. तीन वर्षांपूर्वी मायट्रलची धातूची झडप बसवली. रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रोम गोळी घेतो. आयएनआर कधी 1.6, कधी 4.2. पालेभाजी पूर्ण बंद केली, तरी फरक नाही.

पालेभाजी आजपासून पुन्हा सुरू करा. मेथी, पालक, शेपू, शेवग्याचा पाला, कोबी यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं, हे खरं. पण डोस तुमच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो. त्रास होतो तो अचानक बदलल्याने : श्रावणात पालेभाजी बंद, नंतर आठवडाभर रोज मेथी. आठवड्यातून तीन दिवस एक-एक वाटी खात असाल तर तेवढीच चालू ठेवा. भाजी पूर्ण सोडली तर पोटात के जीवनसत्त्व इतकं कमी जातं की एका दिवसाच्या फरकानेही आकडा हलतो. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास केला, जुलाब झाले किंवा तापात जेवण सुटलं, तरी आयएनआर वर जातो.

मायट्रलच्या धातूच्या झडपेला तो 2.5 ते 3.5 मध्ये हवा असतो. तुमच्या फाइलवर वेगळी मर्यादा लिहिली असेल तर ती पाळा. 1.6 हा आकडा 4.2 पेक्षा जास्त काळजीचा आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, काही दिवस हेपॅरिन लागू शकतं. 4.2 असून रक्तस्राव नसेल तर बहुधा एखादा डोस वगळून किंवा थोडा कमी करून भागतं, पण तेही विचारूनच. 5 च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका. गोळीतल्या बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी आकडा बघून पुन्हा डोस हलवला की झोका सुरू होतो. एका वेळी आठवड्याच्या एकूण डोसात 5 ते 15 टक्क्यांचाच फरक करतात.

आता नळीकडे बघा. आयएनआरचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात सायट्रेटचं द्रव आधीच असतं आणि रक्त बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं, 9 भाग रक्ताला 1 भाग द्रव. शीर सापडेना म्हणून नळी अर्धवट भरली तर आकडा खोटा वाढीव येतो आणि त्यावर डोस कमी केला की पुढच्या वेळी 1.6. रक्त घेताना नळीवरची खूण स्वतः बघा आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये जा.

गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्या. ॲसिट्रोम 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅममध्ये मिळते. दुकानदाराने दुसरी पट्टी दिली की गोंधळ होतो, म्हणून पैसे देण्याआधी आकडा वाचा. एक दिवस 2 आणि एक दिवस 3 असा डोस असेल तर कॅलेंडरच्या त्या-त्या चौकोनात आधीच लिहून ठेवा आणि घेतली की खूण करा. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दुप्पट घेऊ नका. ॲसिट्रोम मिळाली नाही म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅमची वॉरफरिन (याच कामाची दुसरी गोळी) घेणं चूक आहे. दोन्हींचा डोस आणि शरीरात टिकण्याचा काळ वेगळा.

प्रश्न : दाढ काढायची आहे. दंतवैद्य म्हणतात गोळी पाच दिवस बंद करा.

करू नका. एक-दोन दात काढण्यासाठी गोळी सहसा बंद करत नाहीत. दोन-तीन दिवस आधीचा आयएनआर मर्यादेत हवा. जखमेत टाका, दाबून धरलेला बोळा आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गुळण्या यांनी रक्त थांबतं. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम लागतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध देतात. हे दंतवैद्यांना आधीच सांगा.

दुखण्यावर ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल घ्या. तेही दिवसाला चार-चार गोळ्या आठवडाभर चालल्या तर आयएनआर वाढतो. दाताच्या औषधात मेट्रोनिडाझोल असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा, कारण त्याने आकडा झपाट्याने चढतो. टीबीचं रिफॅम्पिसिन उलट तो खाली ओढतं. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू आणि प्लेटलेट तपासल्याशिवाय कोणतंही इंजेक्शन दंडात घेऊ नका.

प्रश्न : तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत म्हणे. त्या घेऊ का?

धातूच्या झडपेवर नाही. डॅबिगॅट्रान 2012 मध्ये आणि एपिक्साबॅन 2022 मध्ये धातूच्या झडपांवर तपासलं गेलं. दोन्ही चाचण्या मधेच थांबवाव्या लागल्या, कारण त्या गोळ्या घेणाऱ्यांत गुठळ्यांचा त्रास वॉरफरिनपेक्षा जास्त दिसला.

प्रश्न : घाबरून दवाखान्यात कधी धावायचं?

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात किंवा पाय गळणं, डोक्याला मार लागणं (बाहेर जखम नसली तरी), डांबरासारखी काळी शौच, एकदम वाढलेली धाप. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज घरातल्यांनाही ओळखीचा झालेला असतो. तो मंदावला किंवा ऐकू येईना, आणि सोबत धाप असेल, तर झडपेवर गुठळी धरली असं समजून, इको रात्रीही होतो अशाच रुग्णालयात जा. जाताना शेवटचे तीन आयएनआर, गोळीची पट्टी आणि शस्त्रक्रियेनंतर मिळालेलं झडपेचं कार्ड बरोबर घ्या. त्या कार्डावर झडपेचं नाव आणि माप असतं.