एअरपोर्टवरची सिक्युरिटी आणखी कडक केली तर विमान अपहरणं थांबतील का? की म्हाताऱ्या बायकांच्या कात्र्या जमा करायचा नुसता देखावा आहे?

"म्हाताऱ्या बायकांच्या कात्र्या" असं लिहिलंत म्हणून उत्तर द्यायला बसलो, नाहीतर या विषयावर मी आता बोलत नाही, आणि घरात तर बोलायची बंदीच आहे. आमच्याकडे कात्री नव्हती, अडकित्ता होता. तो मी काढून घेतला होता, आणि तो माझ्या सख्ख्या सासूबाईंचा होता.

मी इंदूरचा, राजेंद्र नगरचा. एका प्रायव्हेट एअरलाइनच्या सिक्युरिटीत चौदा वर्षं काढली, ती एअरलाइन आता नाही. ड्यूटी बहुतेक लॅडर पॉइंटला. म्हणजे तुम्ही आत एक्स-रे, झडती सगळं करून सुटलात, बसमधून विमानापाशी उतरलात, आणि शिडीच्या पायथ्याशी टेबल टाकून बसलेला एक जण पुन्हा म्हणतो "बॅग उघडा" आणि तुम्ही मनातल्या मनात त्याच्या खानदानाचा उद्धार करता न, तो मी.

जानेवारी २००२. अमेरिकेतल्या ९/११ ला चार महिने झालेले, संसदेवरच्या हल्ल्याला जेमतेम महिना, त्यात २६ जानेवारी तोंडावर, म्हणजे अलर्टवर अलर्ट. तेव्हा माझं पोस्टिंग दुसऱ्या शहरात होतं, कुठल्या ते राहू द्या. सासूबाई आमच्याकडे दीड महिना राहून इंदूरला परत निघालेल्या, आयुष्यातला पहिला विमानप्रवास, स्टाफ तिकीट मीच काढून दिलेलं, फार हौसेनं. (रेल्वेनं पाठवलं असतं तर पुढची वीस-बावीस वर्षं सुखात गेली असती.) मोठी बॅग चेक-इन केली आणि हातात एक कापडी पिशवी, त्यात पानाचा डबा. पितळी, जाड, त्यांच्या आईकडून आलेला.

एक्स-रेच्या स्क्रीनवर कपडे, खाणंपिणं, साबण, आपल्या इंदूरकरांच्या शेवेच्या पुड्या हे सगळं नारंगी दिसतं, आणि हो, बरीचशी स्फोटकंही नारंगीच दिसतात, धातू निळा दिसतो, आणि जाड पितळेचा डबा म्हणजे नुसता काळा ठोकळा, त्याच्या आत काय आहे ते मशिनच्या बापाला कळत नाही. असं दिसलं की बॅग उघडून बघायची असते. ती आत उघडली गेली नाही. गर्दी असेल, नऊवारी नेसलेली सत्तरीची बाई बघून कोणाला वाटलं असेल जाऊ द्या.

शिडीपाशी आमच्या लेडी स्टाफनं डबा उघडला आणि मला हाक मारली, "सर, ये देखिए." आत अडकित्ता, वीतभर लांब, दांड्यांना मोराची तोंडं, आणि धार अशी की चिकणी सुपारी कागदासारखी सोलून निघायची. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "जावईबापू, सांगा न हिला, माझा आहे म्हणून." मी म्हटलं, "आई, हा वर नेता येणार नाही." मागे पंचवीस माणसं उभी, फ्लाइट आधीच लेट, सामान चढवून होल्ड, म्हणजे विमानाच्या पोटातली सामानाची जागा, बंद झालेला. चिठ्ठी भरली, अडकित्ता पाकिटात टाकला, त्या रिकामा डबा घेऊन वर गेल्या. बोलल्या काहीच नाहीत. शिडीच्या मधल्या पायरीवर थांबून एकदा मागे बघितलं, बस.

रात्री मेव्हण्याचा फोन. "भावोजी, आई विमान पळवून कुठे नेणार होती हो, उज्जैनला?" तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात, पंगतीत सुपारी फिरली की हे निघतंच. त्याचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे, सगळा देखावा, ज्याला पळवायचंय तो पळवणारच, तुम्ही गरीब म्हातारीवर जोर दाखवता.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. चेकिंगनं फरक पडतो का? पडतो, आणि खूप पडतो. १९६८ ते ७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत १३० च्या वर विमानं पळवली गेली, निम्मे लोक तर उठून सरळ "क्यूबाला चल" म्हणायचे, रिक्षावाल्याला सांगावं तसं. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि बॅगेची तपासणी सुरू झाली आणि आकडा एकदम खाली आला. क्यूबाशी करार झाला, शिक्षा वाढल्या, हेही आहे, पण मेटल डिटेक्टरचा वाटा मोठा. आपल्याकडे आयसी-८१४ नंतर, म्हणजे डिसेंबर १९९९ ला कंदाहारला पळवून नेलेल्या विमानानंतर, भारतीय एअरलाइनचं एकही प्रवासी विमान हत्याराच्या धाकावर पळवून नेलं गेलेलं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सीआयएसएफनं, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलानं, एअरपोर्ट ताब्यात घ्यायला सुरुवात केली, त्याआधी राज्याचे पोलिस असायचे, आज इथे उद्या बंदोबस्ताला. एकाच कामाची माणसं रोज तेच काम करतात तेव्हा फरक पडतोच.

आणि मेव्हण्याचा "म्हातारीचा अडकित्ता" वाला मुद्दा. १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे विमान श्रीनगरहून जम्मूला येताना लाहोरला नेलं, दोन पोरांनी, पिस्तूल खेळण्यातलं आणि हातबॉम्ब लाकडाचा. विमान पुढे तिथे जाळलं. १९७८ ला लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान भोलानाथ आणि देवेंद्र पांडे या दोघांनी वाराणसीला उतरवलं, इंदिरा गांधींना सोडा म्हणून, त्यांच्याकडे काय, तर खेळण्यातली पिस्तुलं आणि एक क्रिकेटचा बॉल. दोन वर्षांत दोघंही आमदार झाले, ते वेगळंच. ९/११ च्या लोकांनी लहान पाती वापरली, तेव्हा चार इंचांपेक्षा छोटं पातं अमेरिकेत विमानात चालायचं. मग मला सांगा, वीतभर धारदार अडकित्ता काय देवपूजेचा? सासूबाई काही करणार नाहीत हो, पण त्या झोपल्या आणि डबा वरच्या कप्प्यात राहिला तर? हे मी मेव्हण्याला शंभर वेळा सांगितलंय.

यावर तो म्हणतो, क्रिकेटच्या बॉलनं होतं तर मग माणसांचे हात पण काढून ठेवून घ्या. इथे त्याचं थोडं बरोबर आहे, हे त्याच्यासमोर कबूल करणार नाही पण इथे लिहितो. २०१६ मध्ये इजिप्तएअरचं विमान एका माणसानं खोटा स्फोटकांचा पट्टा दाखवून सायप्रसला नेलं, आत मोबाइलची कव्हरं वगैरे होती म्हणे. २०१७ ला मुंबई-दिल्ली फ्लाइट टॉयलेटमध्ये सापडलेल्या नुसत्या धमकीच्या चिठ्ठीवर अहमदाबादला उतरवावी लागली. चिठ्ठी कुठल्या एक्स-रेत पकडणार.

आणि मोठी भोकं प्रवाशांच्या रांगेत नसतातच. १९८६ ला कराचीत पॅन अ‍ॅमच्या विमानात घुसलेले सिक्युरिटीच्या वेशात, तशाच दिसणाऱ्या गाडीतून सरळ विमानापाशी आले, कुठल्याही रांगेत उभे राहिले नाहीत. नीरजा भनोत ही एअरहोस्टेस गेली ती त्यातच. २०१४ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान तर को-पायलटनंच पळवलं, कॅप्टन टॉयलेटला गेला, यानं दार लावून घेतलं आणि जिनिव्हाला नेलं, आणि स्विस हवाई दलाची फायटर उडालीच नाहीत कारण ऑफिस उघडायची वेळ झाली नव्हती (खरं आहे, थट्टा नाही). पुढच्याच वर्षी जर्मनविंग्ज या जर्मन एअरलाइनच्या को-पायलटनं तसंच दार लावून विमान डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली.

ते दार म्हणजे ९/११ नंतर बसवलेलं गोळीनं न फुटणारं कॉकपिटचं दार. माझ्या मते अपहरण थांबवण्यात सगळ्यात जास्त काम त्या दारानं केलंय, आमच्या टेबलापेक्षाही जास्त. आधी पोरांना कॉकपिट दाखवायला न्यायचे, मी स्वतः पोरं नेलेली बघितली आहेत. तेच दार आतून बंद झालं की बाहेर कॅप्टन कुऱ्हाड घेऊन उभा राहिला तरी उपयोग नाही.

विमान पळवलं गेल्यावर जमिनीवर काय करता हेही आहेच. एप्रिल १९९३, दिल्ली-श्रीनगर फ्लाइट, पायाला प्लास्टर घालून आलेला माणूस, प्लास्टरच्या आत पिस्तुलं. म्हणजे तिथेही कोणाला तरी वाटलं असणार, बिचारा लंगडतोय, जाऊ द्या. विमान अमृतसरला उतरलं, एनएसजीच्या कमांडोंनी काही मिनिटांत संपवलं, प्रवासी सगळे सुखरूप. सहा वर्षांनी त्याच अमृतसरला आयसी-८१४ पाऊण तास उभं होतं, एनएसजी पोचलंच नाही, ते उडून लाहोर, दुबई, कंदाहार, आणि ३१ डिसेंबरला तीन अतिरेकी सोडून द्यावे लागले. एअरपोर्ट तोच होता भिया.

त्यामुळे माझं मत असं की नवीन मशिनं कितीही आणा, स्क्रीनसमोरच्या माणसाला झोप मिळू द्या. सलग वीस मिनिटांच्या वर स्क्रीन बघायला लावू नये असं या कामात मानतात, गर्दीच्या वेळी हे कुठे कसं पाळलं जायचं ते विचारू नका. आणि प्रवाशांनी "तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे" म्हणणं बंद करावं. पूर्ण शून्य अपहरणं कधी होणार नाहीत, कोणी सांगत असेल तर तो मशीन विकतोय. मी सोडून बरीच वर्षं झाली आहेत, यंत्रं बदललीत, तेव्हा माझं सगळं शेवटचं म्हणून धरू नका.

आता एक गोष्ट जी मेव्हण्याला माहीत नाही. होल्ड बंद झाला होता हे खरं, पण लोडर अजून तिथेच उभे होते. दार परत उघडून पाकीट आत टाकायला चार-पाच मिनिटं लागली असती, आणि दुसऱ्या प्रवाशांसाठी ते मी आधी दोनदा तरी केलं होतं, एकदा तर कोणाच्या दाढीच्या वस्तऱ्यासाठी. त्या दिवशी नाही केलं, कारण स्टाफला माहीत होतं की ह्या साहेबांच्या सासूबाई आहेत, उद्या कॅन्टीनमध्ये चर्चा झाली असती. नियमानं जमा झालेली वस्तू नंतर मागणंही मला जमलं नाही.

पुढच्या सुट्टीत बर्तन बाजारातून नवा अडकित्ता आणून दिला, चांगला महागातला. "छान आहे," म्हणाल्या, कागदातून अर्धा काढून बघितला आणि कपाटात ठेवला. तेव्हापासून सुपारी दुकानातून कातरूनच आणवतात.

तुम्ही स्वतः प्रवासाला निघाला असाल म्हणून विचारलं असेल तर कात्री, सुरी, अडकित्ता काय असेल ते चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. आणि पितळेचा डबा असेल तर ट्रेमध्ये वेगळा ठेवा, झाकण उघडून.