रिव्हेट काढून पुन्हा मारणारा मुलगा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ८८ टक्के होते, अकरावीत ६४ वर आला. कारण त्याचा मामा. मामाचा साकीनाक्याला गाळा आहे, एसीचे डक्ट बनवतो. दोघांनी अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचा विमानाच्या रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचा, सुट्या भागांचा किट मागवला. कंपनीच्या कार्यशाळेत लोक दोन दिवसांत रडर बनवतात म्हणे. यांना चार महिने लागले, आणि झाल्यावर मुलाने पत्रे जोडणारे निम्मे रिव्हेट उखडून काढले. एक काम धड पूर्ण करत नाही. दिवाळीनंतर मी त्याचं ड्रिल आणि हत्यारं कपाटात बंद केली. मेहुण्याशी बोलणं सोडलं आहे. विमानाचंच वेड असेल तर पायलट करायला मी तयार आहे, फ्लॅट तारण ठेवीन. चारकोपला ज्यांनी गच्चीवर विमान बांधलं तेही पायलटच होते. पण हा म्हणतो, मला उडवायचं नाही, बनवायचं आहे. मग काय मेकॅनिक करू त्याला? त्याच्या वहीची पानं सोबत जोडली आहेत, म्हणजे वेळ कसा वाया गेला ते कळेल. कृपया त्याला समजवा. – एक वडील, भांडुप

उत्तर : सप्रेम नमस्कार. ६४ टक्क्यांची मला फारशी काळजी वाटली नाही. दहावीनंतर अकरावीत मार्क घसरणारी मुलं दर वर्षी शेकड्यांनी दिसतात, त्यांना साकीनाक्याचा मामा लागत नाही. मला काळजी वाटली ती कपाटाला लावलेल्या कुलपाची. आणि वहीची पानं तुम्ही पुरावा म्हणून पाठवलीत, त्याची.

ती पानं मी नीट वाचली. एका पानावर तुमच्या मुलाने लिहिलं आहे : ‘आतल्या भोकांची बर काढायची राहिली. दोन पत्र्यांमध्ये चुरा अडकला आहे. बाहेरून दिसत नाही. उघडायला हवं.’ (बर म्हणजे भोक पाडल्यावर कडेला राहणारी धातूची खरखरीत धार.) त्याखाली तारीख, आणि कुठले रिव्हेट ड्रिलने काढायचे त्याची आकृती. ‘एक काम धड पूर्ण करत नाही’ याचा पुरावा म्हणून तुम्ही पाठवलेलं पान हेच.

आता हे काम काय असतं ते सांगतो. रडर म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं. पत्रे एकावर एक ठेवून भोकं पाडायची, क्लेको नावाच्या काढता येणाऱ्या खिळीने तात्पुरते धरायचे, मग सगळं पुन्हा सुटं करायचं आणि प्रत्येक भोकाची धार दोन्ही बाजूंनी साफ करायची. मगच रिव्हेट. हा सुटं करण्याचा टप्पा कंटाळवाणा असतो, म्हणून तोच टाळला जातो. पण चुरा मध्ये राहिला तर पत्रे एकमेकांना घट्ट बसत नाहीत, आणि भोकाची धार खडबडीत राहिली तर ताण तिथेच साठतो. हजारो वेळा हादरे बसले की भेग तिथूनच सुरू होते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या एका बोईंग ७३७ चं छप्पर २४ हजार फुटांवर उडून गेलं, सुमारे १८ फूट लांबीचं. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली आणि मृत्यू पावली. चौकशीत निघालं की पत्र्यांच्या जोडावर, रिव्हेटच्या भोकांपासून बारीक भेगा पडत गेल्या होत्या आणि तपासणीत त्या सुटल्या होत्या. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना भेग दिसलीही होती, पण त्या कोणाला बोलल्या नाहीत.

सतरा वर्षांच्या मुलाने, कोणी विचारणार नाही हे माहीत असताना, पूर्ण झालेलं काम स्वतःहून उघडलं. दोन दिवसांत रडर होतो तो कंपनीच्या जागेत, शिकवणारा बाजूला उभा असताना. यांच्याकडे डक्टचा गाळा आणि मामांचा हात होता, चार महिने लागले यात मला काहीच गैर वाटत नाही. समुपदेशक म्हणून माझ्यापुढे बसणाऱ्या बहुतेक मुलांचा कल शोधण्यासाठी चाचण्या घ्याव्या लागतात. तुमच्या मुलाने तो वहीत लिहून ठेवला आहे, आणि तुम्ही त्यावर रागावला आहात.

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांसाठी वेगळा नियम आहे. बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः केलेला असला पाहिजे, आणि तोही स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी. शिक्षण हा शब्द त्या नियमातच आहे. तुम्ही मात्र त्याला वेळ वाया घालवणं म्हणता.

पायलटबद्दल थोडक्यात. कमर्शियल लायसन्सला बारावीला फिजिक्स-मॅथ्स, क्लास वन मेडिकल आणि दोनशे तासांचं उड्डाण लागतं. खर्च प्रचंड आहे, नोकरीची हमी नाही. ज्याला उडवायचंच नाही त्याच्यासाठी घर तारण ठेवू नका. पायलट व्हायचं आहे असं पत्रात फक्त तुम्ही म्हणता. चारकोपच्या कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण त्यातला नेमका भाग सोडलात. त्यांचं सहा आसनी विमान २०१६ मध्ये बीकेसीच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. गच्चीवर ते विमान पायलटच्या लायसन्समुळे उभं राहिलं नाही, पत्र्यावर वर्षानुवर्षं केलेल्या कामामुळे राहिलं. डिझाइनमध्ये जायचं असेल तर पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभाग आहे, रस्ता जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा. तो तुम्हाला माहीत आहे.

आता तुमच्या ‘मेकॅनिक’ या शब्दाकडे येतो, कारण बहुतेक घरांत गैरसमज इथेच असतो. विमानाचं काम म्हणजे एक तर पायलट, नाहीतर एरोनॉटिकलची डिग्री, आणि उरलेले सगळे पाना घेऊन फिरणारे, असं लोकांना वाटतं. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे एएमई, ही डिग्री नाही; ते डीजीसीएचं लायसन्स आहे. विमानाची रचना आणि इंजिन बघणारा बी-वन, इलेक्ट्रॉनिक्स बघणारा बी-टू. दुरुस्तीनंतर विमान उड्डाणाला योग्य आहे असं लिहून सही करतो तो हा माणूस. त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही, कॅप्टन कितीही ज्येष्ठ असला तरी. डिग्रीवाल्या इंजिनिअरला ती सही करता येत नाही, त्यालाही हे लायसन्सच काढावं लागतं. आत चुरा अडकला आहे, उघडायला हवं, असं म्हणण्याची हिंमत हाच या कामाचा पाया आहे. यात कमीपणा कुठे आहे, ते मला दाखवा.

एक इशारा मात्र कडकपणे देतो. एएमई शिकवणाऱ्या संस्थांच्या जाहिराती फार गोड असतात. प्रवेशाआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघा, आणि मान्यता कोणत्या प्रकारासाठी आहे तेही बघा. कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. डीजीसीएच्या परीक्षा पास व्हाव्या लागतात आणि चालत्या विमानांवर अनुभव घ्यावा लागतो. तो अनुभव कुठे मिळणार, हे संस्थेला लेखी विचारा. उत्तर टाळलं तर उठून या. हात लवकर तयार व्हावा असं वाटत असेल तर आयटीआयचा शीट मेटल किंवा फिटर आणि नंतर ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यासारख्या ठिकाणी अप्रेंटिसशिप, हाही मानाचा रस्ता आहे.

चिरंजीवांसाठी चार ओळी, हे त्याला वाचायला द्या. तुझ्या वहीचं मी मनापासून कौतुक करतो. पण एएमईलाही बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच, ते टाळून या क्षेत्रात शिरता येत नाही. रिव्हेट चुकल्यावर जसा उघडतोस तशी फिजिक्सची चुकलेली उत्तरपत्रिका उघड आणि कुठे चुकलं ते वहीत लिही. आणि आणखी एक : रडर म्हणजे विमान नव्हे. घरी बांधलेलं विमान आपल्याकडे नोंदणी आणि परवानगीशिवाय उडवता येत नाही. तेव्हा पूर्ण किटच्या खर्चाचा हट्ट आत्ता धरू नकोस. त्याला पुढे वेळ आहे, आणि तो पैसा तुझा स्वतःचा असेल तर उत्तम.

तुमच्यासाठी कामं तीन. हत्यारं आज रात्री परत द्या, अट न घालता. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत गाळ्याचा वार रविवार ठरवा. हे मुलाने मान्य केलं पाहिजे, तुम्ही लादायचं नाही. तिसरं काम तुम्हाला जड जाईल. मेहुण्यांना फोन करा आणि येत्या रविवारी तुम्हीही साकीनाक्याला जा. मुलाला विचारा की कुठले रिव्हेट काढले आणि का. तो सांगत असताना मधे मार्कांचा विषय काढू नका. पायलटबद्दल तेव्हाही काही विचारावंसं वाटलं तर मला पुन्हा लिहा.