पाय सैल झाला, दुरुस्ती कुठे?

प्रश्न : मधुमेहामुळे वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आठ महिन्यांपूर्वी शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. आता तो सैल होतो आणि खुंटाच्या टोकाला दुखतं. तालुक्यात हे काम जाणणारं कोणी नाही, पुण्याला यायचं तर अख्खा दिवस मोडतो. चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडून आतून फोम लावून घेतला तर चालेल का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : फोम नको. वजन गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर यावं, नडगीच्या धारेवर नाही, असा सॉकेटचा (म्हणजे खुंट ज्यात बसतो त्या वाटीचा) आकार घडवलेला असतो. फोमने तो हिशेबच बिघडतो. त्यातून मधुमेहात संवेदना कमी, म्हणजे जखम चिघळेपर्यंत कळायची नाही.

सैल होणं हा पायातला दोष नव्हे. पहिलं वर्षभर खुंट आटतच जातो. मग तो सॉकेटमध्ये खोल बुडतो, टोक तळाला टेकतं आणि दुखतं. यावर उपाय खुंटावर घालायच्या मोज्यांचा. हे १, ३ किंवा ५ प्लायचे मिळतात (प्लाय म्हणजे जाडीचं माप). आधी पातळ मोजा वाढवून घरातच चालून बघा. पाय पूर्ण आत जाईना किंवा लांब वाटू लागला, तर मोजे जास्त झाले. दिवसभरात खुंट आणखी आक्रसतो, तेव्हा दुपारनंतर लागेल म्हणून एक मोजा पिशवीत असू द्या. एकूण १०-१५ प्लाय लागू लागले की मोज्यांचा उपाय संपला, नवं सॉकेट हवं.

पाय काढल्यावर रोज खुंट आरशात सगळीकडून बघा. लाली १० मिनिटांत गेली नाही किंवा फोड दिसला, तर पाय घालणं बंद आणि डॉक्टरांना दाखवा. झोपताना गुडघ्याखाली उशी नको. गुडघा वाकलेलाच आखडला, तर नवा पायही नीट बसणार नाही. (घरचे मायेने उशी देतात, तिथेच घात होतो.)

तालुक्यात तज्ज्ञ नाही याचं आश्चर्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दहा लाख लोकांमागे ५ ते १० प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट (कृत्रिम अवयव आणि आधारपट्टे बसवणारे तज्ज्ञ) हवेत. २०११च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४ लाखांचा होता, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही ४७ ते ९४ जण. पदवीला इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं लागतात. शिवाय प्लास्टरची खोली, भट्टी, घासकामाचं यंत्र असा पसारा लागतो. तो सहसा शहरातच थाटला जातो. शिबिरं पाय देतात, पण पुढची देखभाल हा त्यांचा कच्चा दुवा.

पुण्यात वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४पासून आहे. ते सैन्याचं असलं तरी नागरिकांनाही तिथे सेवा मिळते. खासगी केंद्रात गेलात तर तिथल्या तज्ज्ञाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला? माप, चाचणी आणि ताबा अशा किमान तीन खेपा धरा. तारखा फोनवरच ठरवून घ्या. येताना जुना पाय, सगळे मोजे, शस्त्रक्रियेचे कागद आणि वडील रोज घालतात तीच पादत्राणं आणा. टाचेच्या उंचीवर पायाची ठेवण जुळवतात. चप्पल बदलली की वडील पुढे किंवा मागे झुकणार.