‘हुडविंक’ नव्याने शिकताना
‘हुडविंक’ (hoodwink) या इंग्रजी शब्दाचा अर्थ फसवणे. आपण त्यातल्या ‘विंक’मुळे त्याचा संबंध डोळा मारण्याशी लावलात, ही चूक सुरुवातीला बहुतेकांची होते, तेव्हा खट्टू होऊ नका. ‘हुड’ म्हणजे डोके झाकणारे टोपरे आणि ‘विंक’ म्हणजे पूर्वी दोन्ही डोळे मिटणे; म्हणूनच १६व्या शतकात हा शब्द खरोखर डोळे बांधण्यासाठी वापरला जाई आणि फसवणुकीचा अर्थ त्यातूनच पुढे रूढ झाला. आपले ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ त्याच्या अगदी जवळचे आहे.

तूर्त एवढेच सांभाळा:

- हे सकर्मक क्रियापद आहे. नुसते ‘ही हुडविंक्ड’ अपुरे. ‘ही हुडविंक्ड हर’ (त्याने तिला फसवले) पूर्ण.
- अनवधानाने झालेल्या गैरसमजाला हा शब्द लावू नका. त्यात फसवण्याचा हेतू असतोच.

फसवून काही करवून घेतले असेल, तर पुढे ‘इंटू’ येते: ‘दे हुडविंक्ड हिम इंटू सायनिंग’, म्हणजे त्याला भुलवून त्याची सही घेतली.