हळद: मसाला, औषध की जादू?

प्रिय मिनू,

तुझा मेसेज वाचून आधी हसले. फ्लॅटमधल्या मुलीचं कांदा चिरताना बोट कापलं, तू धावत जाऊन चिमूटभर हळद दाबलीस आणि ती तुझ्याकडे बघतच राहिली. त्याच आठवड्यात आजीनं व्हिडिओ कॉलवर तुझ्याकडून नव्या लॅपटॉपला हळद-कुंकू लावून घेतलं, तेही तिनं पाहिलं. आणि रात्री तीच हळद वरणात. मग तिनं विचारलं, "हे नक्की आहे काय? मसाला, औषध की जादू?" तू तो प्रश्न माझ्याकडे ढकललास, वर "आई, एकच उत्तर दे" अशी अट घालून.

एक उत्तर द्यायला मलाही आवडलं असतं, पण आपल्या घरात हळद तीन ठिकाणी असते हे तू लहानपणापासून बघतेयस. एक मिसळणाच्या डब्यात, एक देवघरातल्या कोयरीत आणि एक औषधांच्या खणात, कागदात गुंडाळलेलं आंबेहळदीचं हळकुंड. यातलं कुठलं खोटं आणि कुठलं खरं, असं आजीला विचारलंस तर तिला प्रश्नच कळणार नाही. मला कळतो. आणि माझं मत असं की तिन्ही ठेवावीत, पण कुठल्या हळदीवर किती भिस्त ठेवायची ते माहीत असावं.

स्वयंपाकापासून सुरू करते, कारण तिथे वाद नाही. तुझी आमटी कडवट होते म्हणतेस ना, ती हळद जास्त पडल्यामुळे नाही, जळल्यामुळे होते. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं फुललं, हिंग पडला की सगळ्यात शेवटी हळद, आणि तिच्या पाठोपाठ लगेच भाजी किंवा पाणी. मध्ये फोन बघायला वेळ नाही. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून वरून भुरभुरवलेली हळद कच्ची लागते आणि फोडणीतली सगळ्या भाजीभर पसरते. तुरीची डाळ शिजवतानाच हळद-हिंग घालायची आपली पद्धत आहे, तिथे ती डाळीबरोबर शिजते, त्यामुळे कच्चा उग्रपणा राहत नाही.

पूड म्हणजे अर्धीच हळद, हे मात्र तुला इकडे परदेशात वाढल्यामुळे फारसं ठाऊक नाही. थंडीच्या दिवसांत बाजारात ओली हळद येते. ती किसून किंवा बारीक चिरून, लिंबाचा रस, आलं, मीठ आणि मोहरीची पूड घालून लोणचं करतात. बोटं चार दिवस पिवळी राहतात. आणि पानं! हळदीच्या पानाचा वास पुडीच्या वासापेक्षा अगदी वेगळा, हिरवा आणि गोडसर. कोकणात नागपंचमीला त्यात पातोळ्या करतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही, म्हणून सगळं उकडलेलं. तांदळाच्या पिठीत चिमूटभर मीठ घालून पाण्यानं सैलसर भिजवायचं, ओल्या पानावर बोटांनी पातळ थापायचं, अर्ध्या भागावर ओलं खोबरं आणि गुळाचं चून पसरायचं, पान उभं दुमडायचं आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवायचं. वाफ धरायला लागली की सगळ्या घराला कळतं. पान सोलून काढलं की पातोळीवर त्याच्या शिरा उमटलेल्या दिसतात. पान खायचं नाही, हे तुझ्या मैत्रिणीला आधीच सांग.

आता औषध. इथे मी जरा सावध आहे, आणि तूही राहा.

तू जखमेवर हळद लावलीस ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि त्यावरून एक मोठं भांडण झालं होतं ते तुला सांगायलाच हवं. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली "जखम भरून येण्यासाठी हळद" या गोष्टीचं पेटंट मिळालं. म्हणजे आजी जे करते ते आता त्यांचं! तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गिरगावात वाढलेले. परिषदेनं त्या पेटंटला आव्हान दिलं. पण "आमच्या आज्या हे करायच्या" एवढं सांगून भागत नाही. पेटंट कार्यालयाला ते आधीच कुठेतरी छापलेलं, लिहिलेलं दाखवावं लागतं. मग जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळले, १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला लेख पुढे ठेवला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द ठरलं. मला या गोष्टीतलं सगळ्यात काय आवडतं सांगू? घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्टसुद्धा कुणीतरी लिहून ठेवलेली होती म्हणून वाचली.

पण पेटंट रद्द झालं याचा अर्थ "हळद प्रत्येक जखमेवर चालते हे सिद्ध झालं" असा नाही. ते भांडण कल्पना कुणाची, याचं होतं. तुझ्या मैत्रिणीच्या बोटाचं म्हणशील तर आधी वाहत्या पाण्याखाली धरायचं, स्वच्छ कपड्यानं दाबून ठेवायचं, रक्त थांबलं की पट्टी. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, त्यात आपण ओला चमचा किती वेळा बुडवतो ते तुला माहीत आहे. खोल जखमेवर तर मुळीच नको, डॉक्टरला टाका घालायच्या आधी ती सगळी धुऊन काढावी लागते.

हळदीत जो पिवळा घटक आहे, कुर्क्युमिन, त्याचं प्रमाण पुडीत साधारण तीन टक्के असतं. प्रयोगशाळेत तो सूज कमी करताना दिसतो, म्हणूनच त्याचा एवढा गवगवा. पण पोटातून तो रक्तात फारच कमी उतरतो. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे तो जास्त उतरतो. आजी हळदीच्या दुधात मिरपूड आणि तुपाचा थेंब टाकते, ते तिला कुणी शास्त्र म्हणून शिकवलेलं नाही, पण बरोबर बसतं. घसा खवखवत असेल तर पी खुशाल, झोप चांगली लागते. कॉफीच्या दुकानात तेच दूध फेस काढून, दालचिनी भुरभुरवून तिप्पट भावात मिळतं, ते तुझे पैसे आणि तुझा निर्णय. मात्र हळदीच्या गोळ्या-कॅप्सुला ऑनलाइन मागवू नकोस. त्यांत स्वयंपाकाच्या कितीतरी पट अर्क असतो आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यानं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. "पी हळद आणि हो गोरी" असं आपण उतावळ्या माणसाला चिडवतो, ते या गोळ्यांच्या जाहिराती बघितल्या की हमखास आठवतं.

खणातली आंबेहळद ही वेगळी वनस्पती, तिला कच्च्या कैरीचा वास येतो. मुका मार लागला, पाय मुरगळला की सहाणेवर उगाळून कोमट लेप लावायचा. बाबांच्या घोट्यावर तो लेप तू पाहिलायस. आराम लेपानं पडला की लेप लावल्यामुळे दोन तास पाय हलवता आला नाही म्हणून पडला, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

राहिली जादू. तुझी मैत्रीण "जादू" म्हणाली म्हणून तू थोडी ओशाळलीस असं वाटलं. ओशाळू नकोस. आजी लॅपटॉपला हळद लावते ती बॅटरी टिकावी म्हणून नाही. नवी वस्तू घरची झाली, हे सांगायची ती रीत आहे. नव्या साडीच्या पदराला, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला, नव्या गाडीला, सगळ्यांना हळदीचं बोट लागतं. लग्नात तर तिच्याशिवाय पानच हलत नाही. घाणा भरताना सवाष्णी आंब्याची पानं बांधलेल्या मुसळांनी हळकुंडं कांडतात, नवऱ्यामुलाला हळद लागते आणि त्याची उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते. माझ्या लग्नात ती ताटली पोचेपर्यंत दोन्हीकडच्या चुलतभावांनी एकमेकांनाच रंगवून ठेवलं होतं.

आणि जेजुरी! पुढच्या वेळी भारतात गेलो की तुला नेणारच आहे. खंडोबाच्या गडावर भंडारा उधळतात, म्हणजे हळदच, मुठी मुठीनं. पायऱ्या पिवळ्या, दीपमाळा पिवळ्या, माणसांचे केस पिवळे. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीवर जाते. तिथे हळद चिमटीनं मोजत नाहीत, आणि गर्दीत कोण कुठल्या जातीचा, कुणाच्या अंगावर कुठला शर्ट, ते काही वेळ तरी दिसत नाही.

एक गोष्ट मात्र तुला गोड करून सांगणार नाही. हीच हळद माणसांना बाहेरही ठेवत आलीय. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला नवरा गेलेल्या बाईला बोलवायचं नाही, बोलावलंच तर बोट लावायचं नाही, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. माझी आत्या त्या दिवशी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत बसायची. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवांना वेगळं काढणाऱ्या प्रथा बंद केल्या, त्याची तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. आपल्या घरी मी हळदी-कुंकू करते तेव्हा येईल तिला बोट लावते, शेजारच्या पोर्तुगीज आजींनासुद्धा. आजीनं पहिल्या वर्षी काही न बोलता बघितलं. दुसऱ्या वर्षी कोयरी तिनंच पुढे केली.

तू विचारलं होतंस की देवघरातली हळद भाजीत घातली तर चालेल का, सारखीच तर दिसते. नको. देवाला चालत नाही म्हणून नव्हे. पूजेची म्हणून मिळणारी पुडी खाण्याच्या प्रतीची असेलच असं नाही, त्यात पीठ आणि रंग असू शकतो. खायच्या हळदीतसुद्धा चकचकीत पिवळेपणासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला रंग, मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत. म्हणून सुटी, डोळ्यांत भरणारी हळद घेऊ नकोस. मी अख्खी हळकुंडं आणून इथेच दळते. सांगलीची मिळाली तर उत्तम. सांगलीजवळच्या हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, हवा न लागता ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच पेवं खराब झाली.

आता डागाचं. टेबलक्लॉथवर वरण सांडलं, तू साबण लावलास आणि पिवळा डाग लालभडक झाला म्हणून घाबरलीस. काही बिघडलेलं नाही. हळदीला खार, म्हणजे अल्कली, लागला की ती लाल होते, साबणात तोच असतो. पूर्वी कुंकू हळदीपासूनच करायचे, खार घालून. मैत्रिणीसमोर करून दाखव: कागदावर हळदीचं पाणी फास, सुकव, साबणाच्या पाण्यानं त्यावर तिचं नाव लिही. मग लिंबू पिळ, अक्षरं परत पिवळी. टेबलक्लॉथही तसाच साध्या पाण्यानं खळबळून घे, लिंबाचा थेंब लाव आणि ओलाच उन्हात टाक. हळदीचा रंग उन्हात उडतो. तुझ्याकडचं ऊन बघता दोन-तीन दिवस लागतील, तोपर्यंत घरमालकिणीला खरं काय ते सांगून टाक.

तुझी,
आई